पावसाळ्यातली ओल: आधी पाणी शोधा, मग पाकीट उघडा

आमच्या हॉलमध्ये पुस्तकांचं एक कपाट बेडरूमच्या भिंतीला टेकून उभं असायचं. तीन वर्षांपूर्वी, जुलैच्या मध्यावर, त्यातून जाडजूड शब्दकोश ओढला तर पुठ्ठ्यावर राखाडी भुरा आणि बोटांना गार, चिकट ओल. दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब, प्लायवूडची पाठ फुगलेली आणि न वाळलेल्या पायपुसण्याला येतो तसा कुबट वास.

वॉटरप्रूफिंगवाला आला. त्याने नाण्याने भिंत टकटक वाजवली, मान हलवली आणि ‘बाहेरून पाणी मारतंय’ म्हणत ३८ हजारांचा अंदाज दिला. त्या भिंतीच्या एका बाजूला हॉल, दुसऱ्या बाजूला बेडरूम. पाऊस तिच्यापर्यंत पोचणार कसा, असं विचारल्यावर म्हणाला, ‘मग वरच्यांचं बाथरूम असणार.’ मी भांडायला वरच्या काकूंच्या दारापर्यंत गेलोही. नशीब, त्या घरी नव्हत्या.

पाणी बाहेरून येत नव्हतं आणि वरूनही. बेडरूममध्ये रात्रभर २० अंशांवर एसी चालायचा. साडेचार इंची भिंत पलीकडून गार व्हायची आणि हॉलमधली दमट हवा कपाटामागे शिरून तिच्यावर दव धरायची. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तोच प्रकार. बाजूची उघडी भिंत कोरडी दिसायची, कारण हॉलमधली हवा तिला सतत थोडी ऊब देत होती. कपाटाने मागच्या भागाची ती ऊब अडवली होती. कपाट वीतभर पुढे सरकवलं, एसी २६ वर आणला. चार दिवसांत, बाहेर मुसळधार चालू असताना, भिंत सुकली. खर्च शून्य.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी कुठलं ते ओळखायचं, मग फुकटचे उपाय, मग शे-पाचशेचे, आणि हजारांत जाणारं काम सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने सांगतो. मी राहतो मुंबईच्या उपनगरात, त्यामुळे बोलणं मुख्यतः इथल्या आणि कोकणातल्या पावसाळ्याबद्दल आहे. विदर्भ-मराठवाड्यात हवेतला दमटपणा कमी, तिथे गळतीचा भाग जास्त कामाचा.

पायरी १: ओल कुठली?

घरातली ओल तीन वाटांनी येते: गळून, जमिनीतून चढून, किंवा हवेतून बसून. तिघींची औषधं वेगळी आहेत, आणि एकीचं औषध दुसरीला दिलं की पैसे पाण्यात.

गळतीच्या डागाला सहसा कड असते. पिवळट-तपकिरी, नकाशासारखी. तो एका ठिकाणापासून सुरू होऊन पसरतो: खिडकीचा खालचा कोपरा, बीम आणि वीटकामाचा सांधा, बाथरूमच्या मागची भिंत, वरच्या मजल्यावर छत. जमिनीतून चढलेली ओल फक्त तळमजल्यावर दिसते, जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत, आणि तिच्या वरच्या काठाला पांढरा लोणा फुटतो, बोट लावलं तर पिठासारखा झडतो. हवेतून बसणाऱ्या ओलीला कड नसते. काळे-हिरवट ठिपके येतात, तेही हवा खेळत नाही अशाच जागी: छताचे कोपरे, पलंगाच्या डोक्यामागे, कपाटामागे, पडद्याच्या आड.

डोळ्यांवर विसंबू नका. या चाचण्यांना मिळून पन्नास रुपयेही लागत नाहीत.

पहिली फॉइलची. डागाच्या जागेचा पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसून घ्या. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन तिथे ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. कपाटामागची जागा असेल तर फॉइल लावून कपाट पुन्हा होतं तिथेच लावा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी हवेतलं. फॉइल सोलल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. आमच्याकडे थेंब खोलीकडच्या बाजूला होते.

दुसरी पेन्सिलची. डागाच्या कडेने रेघ मारायची आणि शेजारी तारीख-वेळ लिहायची. पुढचे पंधरा दिवस डाग रेघ ओलांडेल तेव्हा नवी रेघ. जोराची सर आली की काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग पसरतोय म्हणजे पाणी बाहेरून येतंय. चार दिवस उघडीप असूनही पसरतोय तर पाइप किंवा बाथरूम. त्यातही फ्लॅटचा मुख्य कॉक दोन दिवस बंद ठेवून बादल्यांत भरलेल्या पाण्यावर भागवलं आणि डाग थांबला तर नळाची लाइन, नाहीतर सांडपाण्याची. भिंत थोडी विद्रूप दिसते, पण सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर तारखांच्या चार रेघा ठेवल्या की वाद निम्म्याने कमी होतो.

तिसरी रंगाची, बाथरूमसाठी. नहाणी ट्रॅप ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, लादीवर इंचभर पाणी साठवून त्यात खाण्याचा लाल रंग घाला आणि एक दिवस तसंच राहू द्या. खालच्या घरातल्या छताकडे लक्ष ठेवा. अर्थात आधी खालच्यांना सांगून.

पायरी २: चारशे रुपयांचं यंत्र

घरात तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तीनशे ते पाचशेत चांगला मिळतो. माझ्या मते ओलीवर करायचा हा पहिला खर्च, आणि बऱ्याच घरांत शेवटचाही ठरू शकतो.

स्वस्त यंत्र पाच-सात टक्क्यांनी चुकतं, म्हणून आणल्याबरोबर त्याची मिठावर परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चार-पाच थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. हे झाकण आणि यंत्र एकाच झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून सकाळी आकडा ७५ हवा. ७० दिसला तर तुमचं यंत्र पाच कमी सांगतं. ते मागे लिहून ठेवा आणि दर वेळी पाच मिळवा.

मग तीन दिवस ते घरभर फिरवा: हॉल, बेडरूम, कपाटाच्या आत, पलंगाखाली. बुरशीला भिंतीवर वाहतं पाणी लागत नाही. पृष्ठभागालगतची हवा ७५-८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की ती धरते. घरातली आर्द्रता ६० च्या आत असावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण किनारपट्टीला जुलैत यंत्राशिवाय तो आकडा गाठणं जवळपास अशक्य. ६५-७० वर घर राखलं तरी मी समाधान मानतो. ७५ च्या वर सतत असेल तर मात्र हालचाल करायला हवी.

हे गणित कळण्यासाठी दोन आकडे पुरतात. ३० अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची फक्त १७. म्हणजे दमट हवा कुठेही गार जागेला टेकली की जास्तीचं पाणी तिथे टाकून देते. उलट, तीच हवा थोडी तापली की आर्द्रतेचा आकडा उतरतो. अंशामागे साधारण पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो.

पायरी ३: घरातच तयार होणारं पाणी

बाहेरच्या पावसाला आपण काही करू शकत नाही, पण घरात आपणच किती पाणी सोडतो ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. गॅसचंच घ्या. एलपीजी जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, किलोमागे दीड किलोहून थोडं जास्त. १४.२ किलोचा सिलिंडर संपतो तेव्हा बावीसेक लिटर पाणी वाफ होऊन घरात आलेलं असतं. महिन्याला एक सिलिंडर लागत असेल तर रोजचं पाऊण लिटर, आणि यात भाताची, डाळीची, चहाची वाफ धरलेलीच नाही. मशीनमधून पिळून निघालेल्या एका फेरीच्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी उरलेलं असतं. ते हॉलमधल्या दांडीवर वाळले म्हणजे ते पाणी सोफ्यात, गादीत आणि पुस्तकांत गेलं.

कपड्यांपासून सुरुवात करा, फरक सगळ्यात जास्त तिथे दिसतो. मशीनमध्ये एक जादा स्पिन द्या. विजेचा खर्च नगण्य आणि वाळायचा वेळ बराच वाचतो. टॉवेल, जीन्स, चादरी एकाच दिवशी धुवायचा मोह टाळा. कपडे घरभर न पसरता एकाच जागी वाळवा: ड्राय बाल्कनी, नाहीतर बाथरूम. दार लावून घ्या, एक्झॉस्ट चालू ठेवा आणि आत छोटा पंखा कपड्यांवर सोडा. कपड्यांतली ओल हवेबरोबर बाहेर जाते, घरात येत नाही. ३० वॅटचा एक्झॉस्ट रोज दोन तास चालला तरी महिन्याला दोन युनिटही होत नाहीत.

एक्झॉस्टबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते. तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत यायला हवी. दार खालपासून वरपर्यंत घट्ट असेल तर पंखा नुसता आवाज करतो. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट असावी. टिश्यू पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीसमोर धरून पाहा, चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. जाळीवर तेलाची काजळी असेल तर आधी ती साफ करा. नवा पंखा घ्यायची वेळ बहुधा येत नाही.

स्वयंपाकात झाकण ठेवा, चिमणी किंवा एक्झॉस्ट गॅस पेटवायच्या आधी चालू करा आणि गॅस बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. आंघोळीनंतर बाथरूमचं दार ‘हवा लागू दे’ म्हणून घराच्या बाजूने उघडं टाकायची आपल्याकडे सवय आहे. ती वाफ बेडरूममध्ये सोडण्याचा हा उत्तम मार्ग. दार बंद, एक्झॉस्ट वीस मिनिटं. आणि जमलं तर भिंती-लादीवरचं पाणी वायपरने ओढून टाका. ओढून गेलेलं पाणी वाफ होत नाही. लादी पुसताना पोछा घट्ट पिळा, आणि पावसाची रिपरिप असेल त्या दिवशी नुसता केर काढला तरी आभाळ कोसळत नाही.

पायरी ४: खिडकी कधी उघडायची

‘खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या’ हा सल्ला अर्धाच खरा. समजा बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आहे, आणि तुमचं घर ३० अंशांवर. ती हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता ७६ च्या आसपास होते. यंत्र घरात ८५ दाखवत असेल तर खिडकी उघडून फायदाच. पण खोली एसीने २४ वर आणलेली असेल आणि एसी बंद करताच खिडकी उघडली, तर तीच हवा गार भिंतीवर, आरशावर, गादीवर पाणी सोडेल. तासभर पंखा लावून खोलीला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

तळमजल्यावर, शहाबादी किंवा मोझेक लादीच्या घरात, जूनच्या सुरुवातीला किंवा गार दिवसांनंतर दमट वारा सुटला की लादीला अक्षरशः घाम फुटतो. लोक तेव्हा दारं-खिडक्या उघडतात आणि लादी अजून ओली होते. तिथे उलट करायचं: खिडक्या बंद, पंखा चालू, कोरड्या फडक्याने पुसणं, आणि लादी थोडी उबली की मग उघडणं.

उघडीप मिळाली, विशेषतः दुपारी बारा ते चार, की मात्र सगळं उघडा. समोरासमोरच्या खिडक्या, कपाटांची दारं, पलंगाचे बॉक्स, शू-रॅक. गाद्या उभ्या करा. पंखा हवेतलं पाणी कमी करत नाही, पण ओल्या पृष्ठभागावरची हवा हलती ठेवतो, आणि बुरशीला हलती हवा मानवत नाही.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी ड्राय मोड, म्हणजे हवेतली ओल काढायची सोय, वापरून पाहावा. एसीच्या पाइपखाली बादली ठेवून पाहा, किती पाणी निघतं ते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. दिवसातून तासभर बंद खोलीत तो चालवला तरी गाद्या-पुस्तकांना फरक पडतो. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, विकत घ्यायचाच असेल तर कॉम्प्रेसरवाला घ्या. किंमत दहा ते वीस हजारांच्या घरात, त्यामुळे आधीचं सगळं करूनही आकडा ७५ खाली येत नसेल तरच. दोन-तीन हजारांत मिळणारे गोंडस छोटे डबे दिवसाला वाटीभर पाणी काढतात. आपल्या जुलैपुढे ते चिल्लर आहेत.

पायरी ५: सामान आणि भिंत

बाहेरच्या भिंतीला आणि शेजारी एसीची खोली असलेल्या भिंतीला काहीही चिकटवू नका. दोन-तीन इंच जागा सोडली तरी पुरते. कपाटाचे पाय उंच असतील तर उत्तम, कारण हवा खालून शिरून वरून निघते. भिंतीत बसवलेल्या वॉर्डरोबला हे करता येत नाही. तिथे दारांना वर आणि खाली जाळीची भोकं पाडून घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. कपडे कोंबून भरलेले असतील तर भोकंही निरुपयोगी. पावसाळ्यात कपाट पाऊणच भरा.

कपाटात काय ठेवावं याबद्दल घरोघरी श्रद्धा आहेत. डांबराच्या गोळ्या आणि कापूर किडे पळवतात, ओल शोषत नाहीत. वाटीतले तांदूळ स्वतःच मऊ पडतात, बाकी काही करत नाहीत. मीठ ओल ओढतं, पण आर्द्रता ७५ च्या वर गेल्यावरच, आणि तेही सावकाश. चुनकळी खरंच ओल शोषते, पण पाणी लागलं की तापते आणि डोळ्यांत गेली तर भाजते. लहान मुलं असलेल्या घरात ती नको.

काम करतं ते कॅल्शियम क्लोराइड. बाजारात मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या डब्यांत तेच असतं. वरचे पांढरे दाणे विरघळतात आणि खाली पाणी साठतं. बंद कपाटात एक डबा बहुधा महिना-दीड महिना जातो. उघड्या हॉलमध्ये चार डबे ठेवणं म्हणजे समुद्रकिनारी स्पंज घेऊन बसणं. साठलेलं पाणी खारं आणि चिकट असतं, रेशमावर किंवा चामड्यावर सांडलं तर ती वस्तू गेलीच. म्हणून डबा कपाटाच्या तळाशी, ताटलीत, आणि वरून काही पडणार नाही असा. कॅमेरा, दुर्बीण, जुने फोटो यांच्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा स्वस्त आणि वर्षानुवर्षं चालणारा उपाय. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. रंग बदलला की ओटीजी ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. डब्यात हायग्रोमीटर टाकून आकडा ४०-५० ठेवलात तर लेन्सला बुरशी धरणार नाही.

पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावायचे. तो नावाला झिरो, प्रत्यक्षात १२-१५ वॅट खाणारा, आणि त्याच्या उबेनेच काम व्हायचं. एलईडीचा झिरो लावून उपयोग नाही, त्यात तेवढी ऊबच नाही. जुना बल्ब मिळाला तरी कपड्यांपासून वीतभर लांब आणि जाळीत हवा, नाहीतर ओल जाऊन आग येईल. कोकणातल्या जुन्या घरांत हे काम चूल करायची. दिवसभराच्या धगीने माजघर आणि वरचा माळा कोरडा राहायचा. गॅस आला आणि चुलीबरोबर ती धगही गेली.

पायरी ६: आलेली बुरशी काढणं

कोरड्या झाडूने किंवा ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, पंखा बंद, खिडकी उघडी. कापड साबणाच्या पाण्यात भिजवून पुसायचं, प्रत्येक फटक्याला कापडाची घडी बदलायची आणि शेवटी कापड पिशवीत बांधून टाकून द्यायचं. टाइल आणि काचेवर ब्लीच चालतं: लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे, दहा मिनिटं ठेवून धुवा. गिलाव्यावर ब्लीचने डाग फिकट होतो, मूळ आत राहतं. तिथे साबणाने पुसून भिंत पटकन वाळवणं जास्त महत्त्वाचं. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, अगदी एकामागोमाग एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगरबरोबरही तेच.

भिजलेली गादी, उशी, गालिचा एक-दोन दिवसांत पूर्ण वाळला नाही तर बुरशी धरतोच. तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा काळा पट्टा असेल, किंवा घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल, तर हौसेने स्वतः करायला जाऊ नका.

पायरी ७: गळती असेल तर

स्लायडिंग खिडकीपासून बघा. खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, पाणी निघून जायला. ती धुळीने बुजली की पट्टी भरते आणि पाणी आत भिंतीवर उतरतं. खिडकीखालच्या कोपऱ्यातले कितीतरी डाग असेच असतात. पट्टी ब्रशने साफ करा, भोकांत तार घाला, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का पाहा. काही रंगारी हीच भोकं सिलिकॉनने बंद करून जातात. सिलिकॉन लागतो तो चौकट आणि भिंतीच्या सांध्याला.

मग एसीच्या पाइपचं भोक. ते बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि भोवती पक्कं बुजवलेलं; पाइपला बाहेर खाली लोंबता वळसा हवा, म्हणजे पाणी पाइपवरून ओघळत आत न येता वळशावरून टपकतं. बाथरूममध्ये टाइलच्या फटी आणि नहाणी ट्रॅपची कड तपासा. टाइल ग्राउटची एक-दोन किलोची पिशवी आणि एक सुट्टीचा दिवस, एवढ्यावर बाथरूममागची बरीच ओल थांबते. जुनं ग्राउट खरवडून काढल्याशिवाय नवं भरू नका, टिकत नाही.

बाहेरच्या भिंतीची भेग मात्र आतून भरून काही होत नाही. आतून वॉटरप्रूफ रंग लावला की पाणी आतच अडतं आणि वर्षभरात रंगाला फुगे येऊन पोपडे पडतात. हे काम बाहेरून, परांची बांधून, जाणत्या माणसानेच करायचं. त्याचा खर्च कुणाचा, हे आधी पाहा. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असते, आणि गच्चीच्या गळतीने खराब झालेलं सगळ्यात वरच्या मजल्याचं छत व गिलावाही त्यातच येतो. वरच्या घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती त्या सदस्याच्या खर्चाची. लेखी अर्ज करा, पेन्सिलच्या रेघांचे तारखेसह फोटो जोडा, पोच घ्या.

गच्चीवर गेलातच तर दोन मिनिटांचं एक काम करून या. पावसाळी पाइपच्या तोंडाशी अडकलेली पानं, पिशव्या, कबुतरांची पिसं काढा. पाण्याचं तळं साचलं नाही तर वॉटरप्रूफिंग जास्त वर्षं टिकतं.

तळमजल्यावर जमिनीतून चढणाऱ्या ओलीला स्वस्त आणि कायमचा उपाय नाही, हे सरळ सांगतो. पण ती कमी होते. जोत्याला बाहेरून टेकलेली माती आणि कुंड्या दूर करा, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर पन्हळ लावा, गटार वाहतं ठेवा. आत फुगलेला गिलावा आणि प्लास्टिक पेंट खरवडून काढा आणि चुन्याची सफेदी द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारतेमुळे बुरशीही लवकर धरत नाही. त्यावर टाइल किंवा पीव्हीसीचे पॅनेल मारले तर ओल दिसायची थांबते, आणि पुढच्या वर्षी पॅनेलच्या वरच्या काठावर उगवते.

रंगकामाची घाई

हे सगळं झालं की घरच्यांना भिंत रंगवायची असते, आणि ती दिवाळीच्या आत. रंगारीही तेव्हाच हाती लागतो. पण पावसाने भिजलेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हात वरून कोरडी दिसते, आतून नसते. जाडीच्या दर इंचाला महिनाभर असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे सहा इंची बाहेरची भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी तिला तीनेक महिने लागणार. पोपडे लगेच खरवडून भिंत उघडी करा, गिलावा मोकळा राहू द्या, दिवाळीला त्यावर एखादा मोठा पडदा सोडा. रंग जानेवारीनंतर.

रंगाऱ्याला बोलवायच्या दोन दिवस आधी तीच वीतभर फॉइल पुन्हा डागाच्या जागी चिकटवा. सोलल्यावर आतली बाजू कोरडी निघाली तरच प्रायमरचा डबा उघडू द्या.